सेंदरीच्या सात्या

पोलाद कारखान्याच्या नव्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये आम्हाला क्वार्टर मिळालं तेव्हा भिंतींचा चुना पुरता वाळलेला नव्हता आणि पुढच्या दाराची कडी लागत नव्हती. मी फिटर माणूस. दिवसभर ब्लास्ट फर्नेसच्या उभारणीत मनगटाएवढे नट आवळायचे आणि घरी येऊन स्वतःच्या दाराला दगड लावून झोपायचं, याचा मला जो संताप येई तो शेजारपाजारचे लोक अजून विसरले नसतील. माझा स्वभावच तसा आहे. कुठे काही ढिलं दिसलं की माझे हात शिवशिवतात, आणि जे पाना लावून आवळता येत नाही त्याच्याशी माझं कधी जमलेलं नाही. कडी मी आठवडाभरात ठीक केली. पुढे त्या घरात जे सुरू झालं, त्याला पाना लावण्याजोगी जागा मला शेवटपर्यंत सापडली नाही.

सगळी क्वार्टरं एकसारखी होती. आमच्या ओळीत फरक इतकाच, की आमच्या मागच्या अंगणात आंब्याचं एक जुनं, अवाढव्य झाड उभं होतं. कारखान्यासाठी जमीन मोकळी केली तेव्हा इथली घरं गेली, बांध गेले, अमराई गेली, आणि हे एकच झाड कसं राहिलं ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे, त्याच्या सावलीत ओव्हरसियर डबा खायचा म्हणून त्याने ते वाचवलं. वाचलं तरी ते अगदी सुखरूप सुटलं नव्हतं. डोझरचं पातं लागून बुंध्याची एका बाजूची साल हातभर रुंद सोलून निघाली होती आणि आतलं लाकूड उघडं पडून काळवंडलं होतं.

त्या पावसाळ्यात नलूला, माझ्या बायकोला, दिवस गेले. यापूर्वी दोनदा तिला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं. दुसऱ्या वेळेनंतर ती कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नव्हती, बोलायची ते फक्त "वाढू का?" एवढंच. आता तिसऱ्यांदा तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. भात नाही, पेज नाही, दूध तर वासानेच उलटायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की हिच्या पोटात अन्न राहिलं नाही तर हेही मूल राहणार नाही. मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून साकोलीकडे आमच्या गावी गेलो आणि मायला घेऊन आलो. माझी माय, गावाची सिंधुताई, बाळंतपणं आणि रानभाज्या या दोन बाबतींत आमच्या पंचक्रोशीत नाव कमावून होती.

पोळा झाल्यावर एका सकाळी त्या आंब्याच्या सोललेल्या जागेवर सात्या, म्हणजे अळंबी, उगवल्या. इकडचे छत्तीसगढी लोक त्यांना फुटू म्हणतात. पांढऱ्या, किंचित करड्या झाकेच्या, कानाच्या पाळीसारख्या मऊ, एकीवर एक रचलेल्या. मायने त्या पाहिल्या, हुंगल्या, एक मोडून तिचा दूध-पाणी न सुटणारा तुकडा जिभेवर ठेवला, आणि तिचा चेहरा उजळला.

"खायच्या हायेत," ती म्हणाली. "पण झाड खाऊन रायल्या ह्या. ज्या झाडाले लागतात त्याले सोडत नाई."

"आपल्याले काय झाडाचं लोणचं घालायचं हाय?" मी म्हणालो.

आमच्याकडे झाडावरच्या सात्या काढायची एक रीत आहे. परक्या शिवारातलं झाड असेल तर आधी त्याच्यासमोर उभं राहून आपलं गाव सांगायचं, आपण पाहुणे आहोत म्हणायचं, आणि एका वेळच्या भाजीपुरत्याच काढायच्या. त्यानंतर त्या झाडाला पुन्हा हात लावायचा नाही. रोजच्या रोज घ्यायची मुभा फक्त त्या गावच्या माणसाला. मायने डोक्यावर पदर घेतला, बुंध्यावर तळहात टेकला आणि म्हणाली, "मी साकोलीकडची, पाहुनी हावो. एका वेळचं घेतो." मग सुपात मोजक्या सात्या काढल्या, तेल-तिखटात परतल्या, आणि नलूने ती भाजी दोन भाकरींबरोबर खाल्ली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. तासभर गेला, दुपार गेली. काही उलटलं नाही. नलू त्या संध्याकाळी अंगणात येऊन बसली आणि स्वतःहून शेजारच्या भीमाबाईशी गप्पा मारू लागली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखं झालं. नलूने भाताचा घास घेतला आणि मोरीकडे धावली. परत आल्यावर भिंतीला टेकून ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, कालची भाजी उरली नसन ना?"

मायने मला दुर्गच्या बाजारात पिटाळलं. मी सायकल दामटत गेलो, पैऱ्यावरचे, म्हणजे भाताच्या पेंढ्यावरचे, ताजे फुटू घेऊन आलो. ते नलूच्या पोटात राहिले नाहीत. तिला या झाडावरच्याच सात्या लागत होत्या. मायची दिवसभर नुसती घालमेल चालली होती. ती मागच्या दारात जाऊन उभी राही, झाडाकडे बघे, परत येई, नलूचं कपाळ चेपी, पुन्हा दारात जाई. रीत मोडायची नाही आणि सुनेला उपाशी ठेवायचं नाही, या दोन्ही गोष्टी तिला सारख्याच जिवावरच्या होत्या.

पुढच्या सकाळी मी नळावर दात घासत होतो. माय सूप घेऊन झाडाशी गेली आणि तिने बुंध्यावर हात टेकला. मग एकदम, घाई असल्यासारखी म्हणाली, "मी याच गावची हावो."

"कोनत्या गावची, माय?" मी तोंडातला फेस थुंकून विचारलं.

"कोनत्या म्हंजे? तूच तं म्हनते, आता हेच आपलं गाव म्हनून."

म्हणत होतो खरा. सगळेच म्हणत होते. पंजाबी, बंगाली, तेलुगू, आम्ही विदर्भातले, जो तो दुसऱ्याला पाठीवर हात मारून सांगत होता, की आता हेच आपलं गाव. मी हसलो, तोंड धुतलं आणि शिफ्टला गेलो.

त्यानंतर सात्या रोज येऊ लागल्या. आज जिथून काढाव्या तिथेच उद्या तेवढ्याच तयार. नलूच्या गालांवर मांस आलं, केस दाट झाले, पोट दिसू लागलं. पावसाळा सरला, दिवाळी झाली, अंगणातली माती भेगाळली, तरी सात्या ओल्या आणि ताज्या. भीमाबाईचा नवरा चंपत मला म्हणाला, "थंडीत कुठं सात्या येतात का रे?" मी म्हणालो, येतात म्हणून तर खातो. मला तेव्हा आनंदच इतका होता, की कुणी काही विचारलेलं मला खपत नसे.

मायच्या बाबतीत पहिल्यांदा काय खटकलं ते सांगायला गेलं तर हसू येईल. मागच्या दारातून नळाकडे जायला सरळ पाच-सहा पावलांची वाट होती, आणि माय सरळ जात नव्हती. दारातून निघे, डावीकडे वळे, मोकळ्या अंगणात कशाला तरी वळसा घाली आणि मग नळाशी येई. तिथे दगड नव्हता, खड्डा नव्हता, काहीसुद्धा नव्हतं. घागर भरून परत येतानाही तसंच. मी एकदा मुद्दाम त्या जागेवर खाट टाकून बसलो. माय आली, थबकली, आणि जरा चिडून म्हणाली, "तेथी कावून बसला? लोकांच्या ओसरीत?"

मी उठलो. का उठलो ते माझं मला कळलं नाही.

मग एके दिवशी ती नलूला म्हणाली, "सेंदरीच्या खालचा पाला झाडून येतो." सेंदरी म्हणजे तो आंबा. गावच्या आंब्यांना अशी नावं असतातच. फळाच्या रंगावरून, चवीवरून ठेवलेली. पण हे झाड आम्ही आलो तेव्हापासून एकदाही मोहरलेलं नव्हतं, त्याचं फळ लाल की पिवळं हे मायने पाहिलेलंच नव्हतं. मी विचारलं, तुले कुनं सांगितलं? ती म्हणाली, "सांगाले कोन पायजे? लहानपनापासून खाल्ले." आणि झाडू घेऊन निघून गेली. माझी माय लहानपणी साकोलीच्या पलीकडे, चुलबंद नदीच्या काठी वाढली होती.

तिची बोली बदलत होती. भाजीवालीशी छत्तीसगढीत बोलता बोलता ती घरातही तसंच बोलू लागली. त्यात काय मोठं, मी स्वतःला समजावलं. कारखान्यात मी हिंदी बोलतो, शिव्या तर तिथल्या रशियन साहेबांकडून रशियनमध्येसुद्धा दोन-चार शिकलो आहे. तरीही माझं चित्त थाऱ्यावर राहिना. काम करताना मी एकच नट दोनदा तपासू लागलो. शिफ्ट सुटली की सायकल हाणत घरी यायचो आणि दारातूनच हाक मारायचो, "माय!" ती "काय रे तेजू" म्हणाली, की चप्पल काढायचो. काही दिवसांनी उत्तर उशिरा येऊ लागलं. आधी एक शांतता, मग आतून भांड्याचा आवाज, मग "काय रे." नाव गळालं होतं.

पौषात माझा मामा आला. देवाजीमामा, मायचा सख्खा धाकटा भाऊ. डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन, धापा टाकत, हसत तो अंगणात शिरला. माय पाट टाकायला बाहेर आली, त्याला पाहिलं, पदर नाकापर्यंत ओढला आणि पाण्याचा तांब्या दुरून ठेवून आडोशाला उभी राहिली.

"कोन्या गावचे पाहुणे?" तिने विचारलं.

मामा खदखदून हसला. माझी माय गावात थट्टेखोर म्हणून ओळखली जायची. "तुह्या सासरचा चोर हावो!" तो म्हणाला. माय हसली नाही. तिने पदर आणखी पुढे ओढला आणि नलूला आतून हाक मारून सांगितलं, की यांना जेवायला विचार. मामाचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि मग हळूहळू उतरलं. तो आठ दिवस राहायला आला होता. त्याच संध्याकाळच्या गाडीने परत गेला. दुर्ग स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत तो माझ्याकडे पाहत नव्हता, फक्त एकदा म्हणाला, "ताईले गावाले घेऊन ये रे. लवकर आन."

स्टेशनवरून मी परतलो ते रागानेच. कुणावर राग, ते ठाऊक नव्हतं. मग मी तो झाडावर काढला. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. छिन्नी आणि हातोडा घेऊन मी त्या सोललेल्या जागेपाशी बसलो आणि सगळ्या सात्या मुळासकट खरवडून काढल्या. हातोड्याने बुंध्यावर ठोकलं तर डमडम वाजलं. वर पाहिलं तर अर्ध्या फांद्या निष्पर्ण आणि उरलेली पानं बोटभर. झाड आतून संपत आलं होतं. खरवडलेल्या जागेवर मी डांबर थापलं, सात्या दूर नाल्यात नेऊन फेकल्या, आणि घरात येऊन बजावलं, की आजपासून ही भाजी बंद.

नलूने डाळ-भात वाढून घेतला, दोन घास खाल्ले, आणि सगळं उलटून पडलं. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात पाणीसुद्धा राहिना. तिचे ओठ सुकले, डोळे खोल गेले, आणि दुपारी ती पोटावर हात ठेवून माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागली, की मला खोलीत थांबवेना. "सकाळपासून हाललं नाई," ती म्हणाली. "अहो, सकाळपासून हाललंच नाई."

मी रिक्षा आणायला निघालो. मायने स्वयंपाकघराच्या दारात माझं मनगट धरलं.

"तेजू," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून माझं नाव आलं. "मले समजते रे. सकाळी उठलो का थोडा वेळ समजते. मंग निसटून जाते."

"मंग चाल माय, आत्ता चाल. झाडाले खरं सांग. पाहुनी हावो म्हन."

"पाहुनी इतकं खात नसते रे."

"मी सांगतो त्याले! माह्या मायनं खोटं सांगितलं म्हनतो!"

"तुले लेकरू पायजे का नाई?"

आत नलू कण्हत होती. माय माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होती, लहानपणी ताप आला की पाहायची तशी, आणि तिच्या डोळ्यांत भीतीबिती काही नव्हती.

"पायजे," माझ्या वतीने तीच म्हणाली. "तिलेबी पायजे, मलेबी पायजे. मंग तू आता मधात बोलू नको."

तिने सूप उचललं आणि मागच्या दाराने गेली. मी मागोमाग गेलो. डांबराला तडे गेले होते आणि त्या तड्यांतून सात्या बाहेर आल्या होत्या, पूर्वीपेक्षा दाट आणि इतक्या शुभ्र, की त्या काळ्या जागेवर नजर ठरेना. मायने बुंध्यावर हात टेकला. ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. मी कानांवर हात दाबून धरले होते. चुलीवर कढई चढली, नलूने खाल्लं, आणि दिवे लागायच्या सुमारास तिने माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आतून जोरात लाथ बसली.

त्या संध्याकाळी मायने मला विचारलं, "तुमची ड्युटी कोन्ती हाय उद्या?"

नलू फाल्गुनात बाळंत झाली. मुलगा झाला, काळाभोर, वजनदार, रडला तो सगळा वॉर्ड जागा होईल असा. तो झाला त्या दिवसापासून झाडावर सात्या आल्याच नाहीत, आणि चैत्र निम्मा उलटल्यावर एका दुपारी, वारा अजिबात नसताना, तो आंबा आडवा झाला. मी घरीच होतो. आधी बारीक कर्र आवाज झाला, मग सगळं झाड अंगणाच्या लांबीने हळूच निजलं. भिंतीला ओरखडासुद्धा आला नाही. मी जाऊन पाहिलं तर आत लाकूड असं उरलंच नव्हतं. पांढरा, मऊ भुसा, चिमटीत धरला की विरायचा. एवढ्या पोकळ बुंध्यावर ते आजवर उभं कसं राहिलं, ते फिटर असूनही मला सांगता येत नाही.

मला वाटलं, आता सुटलो. झाड नाही, सात्या नाहीत, माय परत येईल. मी तिच्यापाशी बसून आमच्या गावच्या गोष्टी काढायचो. बाप गेला त्या सालच्या पुराच्या, मला मारायला ती काठी घेऊन धावली आणि स्वतःच चिखलात पडली त्या. ती ऐकून घ्यायची. चांगली गोष्ट सांगितल्याबद्दल कुणाचं कौतुक करावं तशी मान डोलवायची. बाळाला मात्र तिच्याशिवाय करमत नसे. ती त्याला पायांवर घेऊन तेल चोळायची, न्हाऊ घालायची, तिच्या त्या नव्या बोलीतली गाणी म्हणत थोपटायची, आणि तो तिच्या हनुवटीकडे पाहत राहायचा. माझ्या मांडीवर तो कधी इतका शांत झाला नाही.

वैशाखात, अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, सकाळी आमच्या फाटकापाशी एक बैलगाडी थांबली. गाडीत तीन म्हाताऱ्या बाया होत्या आणि टिकाराम नावाचा एक काठी टेकत चालणारा म्हातारा. तो अदबीने हात जोडून म्हणाला, की इथे आमचं गाव होतं, आता आम्ही नंदिनीच्या रस्त्याला वसलो आहोत. घरात नातीचं लग्न निघालं आहे आणि मांडवात गावच्या आंब्याची एक तरी फांदी असावी असं बायांचं म्हणणं आहे. झाड पडल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हणालो, हवं तेवढं न्या. मला खरं तर ते सगळंच झाड कुणीतरी उचलून न्यावं असं वाटत होतं.

बाया मागच्या अंगणात आल्या. आल्या त्या सरळ आल्या नाहीत. नळाच्या अलीकडे तिघीही डावीकडे वळल्या आणि मोकळ्या जागेला वळसा घालून झाडाशी गेल्या. माय मागच्या दारात बाळाला घेऊन बसली होती. त्यांतली सगळ्यांत म्हातारी बाई फांदी मोडता मोडता थांबली, डोळ्यांवर हात धरून तिने मायकडे पाहिलं, आणि हातातली फांदी टाकून दिली.

"अई, धमधाहिन!"

इकडे बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. धमधा दुर्गच्या पलीकडे आहे, आणि माझी माय उभ्या जन्मात धमध्याला गेलेली नव्हती. ती उठली. बाळ तिने नलूच्या हातात दिलं आणि धावत, लहान पोरीसारखी धावत जाऊन त्या म्हातारीच्या गळ्यात पडली. दोघी रडू लागल्या. बाकीच्या भोवती जमल्या, तिच्या गालांवरून हात फिरवू लागल्या.

"कहां चल दे रेहेस ओ?" म्हातारी विचारत होती. कुठे गेली होतीस ग?

"इहेंच तो रेहेंव," माय म्हणाली. इथेच तर होते.

टिकारामने माझ्याकडे मान करून, हे घरातले कोण, असं विचारलं. मायने डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं. "क्वाटरवाला मन आय," ती म्हणाली. "बने मनखे हें." क्वार्टरमधली माणसं, चांगली आहेत. आणि आत जाऊन तिने आपलं लुगडं, कंगवा आणि काचेच्या दोन बांगड्या एका फडक्यात बांधल्या.

मी रस्त्यात आडवा उभा राहिलो. काय काय बोललो ते नीट आठवत नाही. ही माझी माय आहे, हिचं डोकं ठिकाणावर नाही, हिला भलतंच वाटतं, असं टिकारामला ओरडून सांगितलं असणार. तो गोंधळून त्या म्हातारीकडे पाहू लागला. म्हातारी मला समजावण्याच्या सुरात म्हणाली, की अहो बाबू, हिच्या लग्नात मी नाचले आहे. मी मायचा हात धरला. तिने तो झटकला नाही. परक्या पुरुषाने चुकून धरलेला हात बाई माणूस सोडवून घेते तसा, माझं मन न दुखावता, एकेक बोट उचलून सोडवून घेतला.

मी जोर केला असता तर तिला उचलून घरात आणू शकलो असतो. ती केवढीशी होती. आणलीही असती, पण आणून कुणाला हाक मारायची होती?

गाडी हलली तेव्हा मात्र मला राहवलं नाही आणि मी सगळा जीव गोळा करून ओरडलो, "माय!"

तिने वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे, रस्त्यावर, इकडेतिकडे, कुणाची आई आली आहे ते पाहावं तसं. मग तिची नजर दारात बाळाला घेऊन उभ्या असलेल्या नलूवर गेली आणि तिचा चेहरा मायेने भरून आला. तिने आम्हा दोघांना हात जोडले.

"लइका ला बने राखहू," ती अदबीने म्हणाली. मुलाला नीट सांभाळा. "हमर गांव के आय."

आमच्या गावचं आहे ते.